रिकामे रकाने

आमच्या संस्थेत एक सर होते. त्यांच्या जेवणाच्या डब्यात शासन निर्णय असायचे.

चार कप्प्यांचा स्टीलचा डबा. वरच्या कप्प्यात चालू वर्षाचे निर्णय, चार घड्या घालून. दुसऱ्यात जुने. तिसऱ्यात परिशिष्टं आणि शुद्धिपत्रकं. आणि तळाच्या कप्प्यात दोन भाकऱ्या नि लसणाची चटणी. ते नवीन आले त्या आठवड्यात एकदा मी डबा विसरले होते. ते म्हणाले, "घ्या मॅडम, संकोच करू नका." मी आनंदानं वरचं झाकण उघडलं, तर आत 'व्यवसाय अभ्यासक्रमांच्या तुकड्यांना अनुदान चालू ठेवण्याबाबत'. चटणीचं तेल खालून वर चढत जायचं, त्यामुळे प्रत्येक निर्णयाला लसणाचा वास यायचा. शासनाचा इतका भूक लावणारा वास मी त्यानंतर कधी घेतलेला नाही.

"डब्यात का ठेवता हो सर?" मी विचारलं.

"फाइलीला उंदीर लागतात. डब्याला लागत नाहीत," ते म्हणाले आणि भाकरी मोडायला लागले.

पोरांनी त्यांचं नाव 'परिशिष्ट' पाडलं होतं. कुणी काहीही विचारलं की यांचं पहिलं वाक्य, "परिशिष्ट वाचलं का?" सुट्टी कधी आहे, परीक्षेला कॅल्क्युलेटर चालतो का, सहलीला केळव्याला जायचं की डहाणूला, कशालाही. "निर्णय सगळेच वाचतात मॅडम. साहेब लोक निर्णयात बंद करतात आणि परिशिष्टात उघडं ठेवतात. मागचं पान कोण उलटतंय?" असं ते म्हणायचे. मला तेव्हा ही नुसती खोड वाटायची. मी तोंडाची फटकळ, त्यामुळे स्टाफरूममध्ये त्यांची नक्कल करण्यात मीच पुढे असायचे, हेही सांगून टाकते.

आमची संस्था पालघर-बोईसर रस्त्याला. पत्र्याचं वर्कशॉप, मागे चिंच, पुढे सायकलींचा ढीग. मोटार वायंडिंग आणि वायरिंगचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम, वीस मुलांची एक तुकडी. वर्कशॉप सरांकडे, फळ्यावरचे तास माझ्याकडे. मी तासिकेवर होते, म्हणजे तुकडी आहे तोवर मी आहे. तुकडीतली निम्मी पोरं बोईसरच्या कारखान्यांतल्या कामगारांची, आईबाप जळगाव-लातूरकडून आलेले. बाकीची डोंगराकडच्या पाड्यांवरची. पाड्यांवरच्या घरात पावसाचं भात झालं की काम संपतं, मग दिवाळीनंतर सगळं घर वीटभट्टीवर जातं. घर गेलं की पोरंही जातात.

आणि अनुदानाचा नियम असा, की तपासणीच्या दिवशी विसातले पंधरा तरी हजर हवेत. सलग दोन तपासण्यांत कमी भरले तर तुकडीचं अनुदान बंद. सर यायच्या आदल्या वर्षी आमचे तेरा भरले होते. म्हणजे आता आणखी एकदा कमी भरले की खेळ खलास. पहिल्या वर्षाला प्रवेश नाही, दुसऱ्या वर्षाची पोरं अर्ध्यावर, आणि मी घरी.

सर मुळात आले तेच 'अतिरिक्त' ठरून. सांगलीकडे कुठल्याशा संस्थेत त्यांची तुकडी बंद पडली आणि सरकारनं त्यांना उचलून समुद्राकाठी आणून ठेवलं. माळकरी माणूस, आणि खोली मिळाली ती सातपाटीला, मासे वाळवायच्या ओट्यांसमोर. वारा फिरला की हे नाकाला रुमाल लावून एसटीत बसायचे. पण तक्रार म्हणून कधी केली नाही. "सदर वासाची सवय होत आहे," असं एकदा गंभीरपणे म्हणाले होते. बोलणं सगळं असं कार्यालयीन. सांगलीची भाषा फक्त मन हललं की बाहेर यायची, ती मी चार वर्षांत दोनदाच ऐकली.

त्यांची खरी जात कळायची ती वायंडिंग करताना. हँडल फिरवत तारेचा एकेक वेढा मोठ्यानं मोजायचे. मोजत असताना कुणाशी बोलायचे नाहीत. कुणी आलंच तर डाव्या हाताची तर्जनी वर. ती खाली येईपर्यंत समोरच्यानं उभं राहायचं, मग तो प्राचार्य का असेना. एकदा भूकंपाचा धक्का बसला. आमच्या भागाला त्याची सवय आहे, पण तो जरा जोराचा होता. पत्रे खडखडले, पोरं बाहेर पळाली, मी तर चप्पल टाकून पळाले. आतून आवाज येत होता, "एकशे बारा, एकशे तेरा, एकशे चौदा..."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "सर, अहो जीव गेला असता!"

"मोज चुकली असती तर मोटारीचा गेला असता," ते म्हणाले.

त्यांची दुसरी खोड म्हणजे छापील कागद. गावातली जळलेली मोटार पोरांना सरावासाठी मिळावी म्हणून ते फुकट भरून, म्हणजे नव्यानं तार गुंडाळून द्यायचे, फक्त तार मालकानं आणायची. पण आधी तीन प्रतींत कागद भरायचा. मालक कोण, मोटार कुठं चालते, कशानं जळली, कुणी भरली. आमची माकुणसारला पानवेलीची बाग आहे. माझे बाबा एकदा मोटार घेऊन आले, तर सरांनी त्यांनाही कागद धरायला लावला. बाबा वैतागले. "अगो, मोटार जलली हाय, सोयरीक नाय करायची मला. याला विहिरीचा पत्ता कशाला पायजे?"

"भरा हो बाबा. आमी पन असंच सोसतो," मी म्हटलं.

बाबांनी भरला. मोटार मात्र अजून त्याच वायंडिंगवर चालते आहे.

तर त्या वर्षीची दिवाळी झाली आणि नेहमीप्रमाणे नऊ जण गायब झाले. त्यात सुमन होती. पाड्यावरून तुकडीत आलेली पहिलीच मुलगी, नखाएवढ्या फटीत तार बसवणारी. तिची रिकामी जागा मला रोज दिसायची. हजेरी माझ्याकडे. पहिल्याच दिवशी मी लाल पेन काढलं, तर सर म्हणाले, "त्या नऊ नावांपुढं काही लिहू नका. रकाने रिकामे ठेवा."

"का?"

"सांगेन. अर्धं वायंडिंग आणि अर्धा कागद कुणाला दाखवू नये."

झालं. याहून एक शब्द जास्त नाही. आणि त्याच सुमाराला सरांचं शनिवारी दुपारी गायब होणं सुरू झालं. अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा टाकायची, डबा उचलायचा आणि मनोरकडची एसटी धरायची. सोमवारी बुटांवर विटेची तांबडी धूळ. स्टाफरूमला विषय मिळाला. कुणी म्हणालं मास्तर घर बांधतोय, कुणी म्हणालं भट्टीत भागी घेतली आहे. भागीचं मीच म्हटलं होतं बहुतेक.

डिसेंबरात तपासणीचं पत्र आलं. आदल्या दिवशी दुपारी प्राचार्य माझ्या टेबलाशी आले आणि रजिस्टरकडे न बघता म्हणाले, "मॅडम, ते रजिस्टर जरा नीट करून ठेवा." आमच्याकडे 'नीट करा' म्हणजे काय ते शिपायालाही कळतं. सर त्या दिवशीही अर्धी रजा टाकून गेले होते. मी रजिस्टर उघडलं. नऊ नावं, बावीस दिवस, पांढरेफटक रकाने. मला सुमन दिसली, बंद वर्कशॉपला लागलेलं कुलूप दिसलं, घरी बसलेली मी दिसले. आणि मी पेन घेतलं.

चांगलं मन लावून केलं मी ते. तीन वेगवेगळी पेनं वापरली. 'ह' कधी तिरका काढला, कधी सरळ. खरं वाटावं म्हणून सुमनला दोन दिवस ताप आणला आणि एकाला मावशीच्या लग्नाला पाठवलं. शेवटचा 'ह' काढून झाला तेव्हा मला वाटलं, आपण तुकडी वाचवली.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता सरांनी रजिस्टर मागितलं. पान उघडलं आणि बघतच राहिले.

"हे कुणी भरलं?"

"मी."

"कशासाठी?"

"तुकडी वाचावी म्हणून सर. दुसरं काय?"

ते स्टुलावर बसले. डबा मांडीवर घेतला, तिसरा कप्पा काढला आणि एक कागद माझ्यासमोर धरला. मागचं पान, सगळ्यात शेवटची टीप. जो विद्यार्थी प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी यंत्राची देखभाल शिकत असेल, आणि निदेशकानं, म्हणजे वर्कशॉप शिकवणाऱ्यानं, दर पंधरा दिवसांत तिथं भेट देऊन खात्री केली असेल, तो हजर समजावा. मग त्यांनी दुसरा कप्पा काढला. त्यात जुन्या निर्णयांखाली ते तीन प्रतींतले कागद होते. तीन वीटभट्ट्या, नऊ मुलं, प्रत्येक भेटीची तारीख, मालकाची सही किंवा अंगठा. भट्टीवर पाण्याचा पंप असतो आणि तो जळतोच. सरांनी तिन्ही मालकांच्या मोटारी फुकट भरून दिल्या होत्या. अट एकच, रोज दोन तास पंप, मोटार आणि दिव्यांचं वायरिंग या पोरांच्या हाती.

"आता हा कागद म्हणतो सुमन भट्टीवर होती," ते म्हणाले, "आणि तुमचं रजिस्टर म्हणतं ती वर्गात होती, मधे दोन दिवस तापानं फणफणली होती. तपासणीला कोणतं दाखवू?"

मी तो कागद पुन्हा वाचला. वाचवायला गेले आणि मीच बुडवली होती. ते रिकामे रकाने या कागदांसाठी राखून ठेवलेली जागा होती, आणि मी तिथं माझा शहाणपणा भरला होता.

प्राचार्य धावत आले. "पान फाडा. नवं रजिस्टर लिहून काढा, दोन तास आहेत."

तेव्हा पहिल्यांदा मी सरांच्या तोंडून सांगलीची भाषा ऐकली. "न्हाई. तिकडं आमची तुकडी अशीच गेली बगा. मागचं पान कुनी वाचलं न्हाई, आनि खोटी हजेरी पकडली. वीस वर्सं मी भरल्याली यंत्रं टेंपोत घालून नेली माज्या डोळ्यांदेखत. आता न्हाई." मग त्यांनी चष्मा पुसला आणि ते पुन्हा कार्यालयीन झाले. "मॅडम, लाल पेन काढा. प्रत्येक खोट्या नोंदीवर आडवी रेघ आणि बाजूला तुमची सही. रेघेखालचं वाचता आलं पाहिजे."

"प्रत्येक? अहो सर, नऊ बाविसं..."

"एकशे अठ्ठ्याण्णव. मी मोजतो."

आणि ते खरंच शेजारी बसून मोजायला लागले. मी रेघ मारत होते, सही करत होते, आणि डोळ्यांतलं पाणी रजिस्टरवर पडू नये म्हणून मान मागे घेत होते. ताप आला तिथं मी थबकले. "ताप पण खोडायचा?" सरांनी नुसती मान हलवली, मोज सोडली नाही. एकशे सत्तरच्या पुढे होतो तेव्हा दारात जीप थांबली. तपासणीच्या साहेब म्हणजे एक बाई होत्या, उंच, चष्मा कपाळावर. त्या सरळ वर्कशॉपमध्ये आल्या. प्राचार्य मागून हात जोडत होते. सरांनी त्यांच्याकडे न बघता तर्जनी वर केली.

जिल्ह्याच्या साहेब आणि प्राचार्य दारात उभे, आणि आत एक माणूस मोजतोय, "एकशे ऐंशी, एकशे एक्याऐंशी." मला वाटलं, आता सगळंच संपलं. पण बाई उभ्या राहिल्या. एकशे अठ्ठ्याण्णव झाले, बोट खाली आलं, सर उठून उभे राहिले आणि म्हणाले, "नमस्कार. हजेरीत चूक झाली होती. ती दुरुस्त करून आपल्यासमोर ठेवत आहोत."

"चूक कोणाची?"

"माझी," मी म्हटलं. "पोरं भट्टीवर होती. मी हजर मांडली."

बाईंनी रजिस्टर घेतलं, कागद घेतले, परिशिष्ट घेतलं. परिशिष्ट नाकाजवळ नेऊन जरा हुंगलं. बराच वेळ तारखा जुळवत बसल्या. मग सरांना म्हणाल्या, "या सगळ्या दिवशी तुम्ही रजेवर दिसताय. रजेवर असताना भेटी कशा दिल्या?"

"रजेवर असताना भेट देऊ नये, असं परिशिष्टात कुठंही नाही."

"पण रजा का टाकली? हे तर संस्थेचंच काम."

"कामावर जायचं तर प्रवासाची तरतूद लागते. टीप आहे, तरतूद नाही. तरतुदीची वाट बघत बसलो असतो तर पंधरा दिवस उलटले असते."

बाईंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "चला, मला भट्टी दाखवा."

मनोरच्या पुढची भट्टी. जीप थांबली तेव्हा सुमन पंपाशी उकिडवी बसली होती, हाताला तांबडी माती आणि ग्रीस. आम्हाला बघून उठली आणि ओढणीला हात पुसले. बाईंनी विचारलं, "इथे काय शिकतेस?"

"मोटार जलली होती बाय. सरांनी आणि आमी परत भरली."

"जळली कशानं?"

"गाळ घुसला, पंप अडकला. बंद कराय कुणी नाय आला. आता आमी जाळी लावली हाय."

"एका कॉइलला वेढे किती?"

"अडुसष्ट." ती सरांकडे बघून हळूच हसली. "मदी बोलू देत नाय सर. माझी आय जेवाय बोलवाय आली, तर तिला बोट दाखवलं."

बाई हसल्या. त्या दिवशी पहिल्यांदाच. भट्टीवाल्याला दोन प्रश्न विचारून झाल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. मला वाटलं, आता माझं पत्र निघतं. त्या म्हणाल्या, "खोटी हजेरी मी खूप पाहिली आहे. खोडलेली आज पहिल्यांदा पाहिली. पुन्हा करू नका." परतीच्या जीपमध्ये सर झोपून गेले, डबा पोटाशी धरून. मी मात्र सगळ्या रस्ताभर हुंदके देत होते आणि हसतही होते, आणि ड्रायव्हर आरशातून बघत होता.

सर आता निवृत्त होऊन सांगलीला गेले. फोन करतात, प्रकृती विचारत नाहीत, "नवीन परिशिष्ट आलं का?" विचारतात. सुमनचं मनोरला मोटार भरायचं दुकान आहे. बोईसरचे कारखानेवालेसुद्धा तिच्याकडे मोटारी पाठवतात आणि त्यांचा माणूस कुरकुरतो, "मॅडमजी, फॉर्म बाद में, पहले मोटर दो." ती आधी कागद भरून घेते. दिवाळीनंतर शनिवारची मनोरची एसटी आता मी धरते. काही नावांपुढचे रकाने महिनाभर रिकामे असतात. नवीन प्राचार्य ते बघून घाबरतात, आणि मी त्यांना बसवून चहा पाजते.

पण हे सगळं ज्यामुळे झालं, तो दिवस सांगायचा राहिला. तपासणीला दोन महिने होत आले होते. शिपायानं लिफाफा आणला आणि प्राचार्यांनी तो न फोडताच माझ्या हातात दिला. मी फोडला. 'सदर तुकडी अनुदानावर चालू ठेवण्यास मान्यता.' मी एकच ओळ वाचली आणि धावत वर्कशॉपमध्ये गेले. सर हँडल फिरवत होते. "एकशे बासष्ट, एकशे त्रेसष्ट, एकशे चौसष्ट..." बोट वर झालं. मी थांबले. पण कागद हातात होता आणि माझ्या तोंडावर तो वाचता येत असणार.

हँडल थांबलं. बोट खाली आलं. त्यांनी कागद घेतला, पूर्ण वाचला, सवयीनं मागचं पान उलटून बघितलं. मागे काही नव्हतं. मग ते स्टुलावर टेकले.

"ऱ्हायली गं पोरी," ते म्हणाले. "तुकडी ऱ्हायली."

आठ महिने मी त्यांची मॅडम होते. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसावा तसा शर्टाच्या टोकानं पुसत राहिले. नंतर मशीनकडे वळले, तार हातात घेतली आणि तशीच धरून बसले. माझ्याकडे बघून ओशाळल्यासारखे हसले.

"किती झालं होतं?"

भूकंपात न चुकलेली मोज चुकली होती.

"एकशे चौसष्ट, सर," मी म्हटलं.

"मग फुडं तुमी मोजा," ते म्हणाले आणि सरकून मला जागा दिली. मी हँडल धरलं. एकशे पासष्ट, एकशे सहासष्ट. तेवढ्यात प्राचार्य दारात आले, काहीतरी विचारायला. मी त्यांच्याकडे न बघता डाव्या हाताचं बोट वर केलं.